न घाबरणाऱ्यांचं आपण काय देणं लागतो?

एकटीने फिरणाऱ्या मुलींना एक गणित पाठ असतं. अनोळखी माणूस किती जवळ आला की उठून दुसरीकडे बसायचं. कॅबमध्ये बसल्या बसल्या लोकेशन कुणाला पाठवायचं. हॉस्टेलच्या खोलीची कडी आतून नीट लागते का, हे बॅग ठेवण्याआधी बघायचं. आई फोनवर शेवटी म्हणते, "पोचलीस की कळव, आणि जपून राहा." हे सगळं गणित त्या 'जपून'मध्ये येतं.

प्राणीही हेच गणित करतात. धोका किती जवळ आला की पळायचं, याचं प्रत्येकाचं एक अंतर ठरलेलं असतं आणि जीवशास्त्रज्ञ ते चक्क मीटरमध्ये मोजतात. आपल्या गल्लीतलं कुत्रं बघा. आपण चप्पल नीट करायला नुसते वाकलो, तरी ते चार पावलं मागे सरतं. आपल्या हातात दगड नसतो, पण आजवर कुणाकुणाच्या हातात होता हे त्याला ठाऊक असतं.

मग असा एक प्रदेश, जिथे आपण वाकलो तरी कुणी हलत नाही.

गालापागोस बेटं इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून जवळजवळ १००० किलोमीटर पश्चिमेला, प्रशांत महासागरात आहेत. इथली ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात येते. उद्यानात बहुतेक ठिकाणी गाईडशिवाय पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे 'सोलो ट्रिप' तशी नावालाच. पण सांताक्रूझ बेटावरच्या तोर्तुगा बे या किनाऱ्यावर एकटं जाता येतं. गेटवर नाव लिहायचं, निवडुंगांमधून अडीच किलोमीटर चालायचं, की समोर पांढरी वाळू. तिथे काळे सागरी इग्वाना एकमेकांच्या अंगावर पाय टाकून ऊन खात पडलेले होते. मधूनच एखादा नाकातून खारट पाण्याची पिचकारी उडवायचा. मी बाटली काढायला वाकले. एकानेही मान वळवली नाही.

पहिल्यांदा वाटलं, किती विश्वास! फोटोखाली असंच काहीतरी लिहिलंही जातं. पण हा विश्वास नव्हे. विश्वास ठेवायला समोरचा कोण आहे हे माहीत असावं लागतं. इग्वानाला मी माहीतच नाही. लाखो वर्षं जमिनीवर त्याला खाणारं मोठं जनावर नव्हतं, म्हणून जमिनीवर घाबरायची यंत्रणा त्याच्यात जवळपास बंद पडली आहे. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं, तर सर्व्हरला पासवर्ड लावलेला नाही. पण पासवर्ड नसणं म्हणजे आत यायची परवानगी नव्हे. हे आमच्या टीममधल्या नवख्या पोरालाही कळतं.

माणसाने मात्र ती परवानगीच मानली. चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये इथे आला तेव्हा २६ वर्षांचा होता, म्हणजे माझ्यापेक्षाही लहान. त्याने बंदुकीच्या नळीने एका ससाण्याला फांदीवरून ढकललं. एका इग्वानाला तो पुन्हापुन्हा पाण्यात फेकत राहिला आणि तो दर वेळी पोहत त्याच्याच पायाशी परत आला. डार्विनने त्यातून योग्य अनुमान काढलं: याचे शत्रू समुद्रात आहेत, किनारा त्याला सुरक्षित वाटतो. व्हेल मारणाऱ्या जहाजांनी वेगळं अनुमान काढलं. महाकाय कासवं पळत नाहीत आणि अन्नपाण्याशिवाय कित्येक महिने जगतात. म्हणून त्यांना जिवंतच तळघरात रचून ठेवायचं आणि लागेल तसं कापायचं. अशी लाखाच्या वर कासवं गेली असावीत, असा अंदाज आहे. पिंटा बेटावरच्या जातीचं शेवटचं कासव, 'लोन्सम जॉर्ज', १९७१ मध्ये सापडलं. चाळीस वर्षं त्याला जोडीदार शोधला. २०१२ मध्ये ते गेलं आणि ती जातही त्याच्याबरोबर गेली.

यावर एक सोपं उत्तर तयार असतं: पळायला हवं होतं त्यांनी. हे वाक्य मला ओळखीचं वाटतं. एवढ्या रात्री बाहेर कशाला होती, एकटी का गेली, जपून राहायला नको का? जो दुबळा आहे त्यानेच सावध राहायचं आणि सावध राहिला नाही तर चूक त्याचीच, असा हा हिशोब आहे. इग्वानांच्या बाबतीत तो किती पोकळ आहे हे तपासलंही गेलंय. बेटांवर मांजरं आणि कुत्री येऊन जेमतेम दीडशे वर्षं झाली. संशोधकांनी इग्वानांना मुद्दाम पाठलाग करून पकडलं, सोडलं आणि पुन्हा पाहिलं. अनुभवाने ते थोडे आधी पळायला शिकले, पण जीव वाचेल इतके आधी नाही. 'जपून राहा' हा सल्ला त्यांच्या आवाक्यातलाच नाही.

म्हणून मला उद्यानाचा दोन मीटरचा नियम फार महत्त्वाचा वाटतो. प्राण्यापासून किमान दोन मीटर लांब राहायचं. तो आपणहून जवळ आला, तर मागे आपण सरायचं. हा नियम इग्वानाकडून काहीच मागत नाही. अंतर राखायची जबाबदारी तो उचलून बलवानाच्या खांद्यावर ठेवतो. आयुष्यभर ते अंतर मी राखत आलेय. इथे पहिल्यांदा मी दुसऱ्या बाजूला उभी होते. ज्याच्यापासून जपून राहायला हवं, ती मी होते. किनाऱ्यावर बघणारं कुणी नव्हतं आणि इग्वाना तक्रार करणार नव्हता. अशा वेळी आपण कसे वागतो, तेवढीच आपली नीतिमत्ता. बाकीची निम्मी समोरच्याच्या शिंगांनी आणि दातांनी सांभाळलेली असते.

पण इथवर येऊन स्वतःवर खूश होणं परवडत नाही. दोन मीटर पाळणारी मी एकटी नाही. २०२३ मध्ये तीन लाखांहून जास्त पर्यटक इथे आले, आणि कायम राहणारी वस्ती आहे तीस हजारांच्या आसपास. या सगळ्यांसाठी विमानं येतात, मालवाहू बोटी येतात, आणि त्यांच्यासोबत किडे येतात. बाहेरून आलेल्या एका माशीच्या अळ्या फिंच पक्ष्यांच्या पिल्लांचं घरट्यातच रक्त पितात. उतरण्याआधी विमानात सामानाच्या कप्प्यांवर फवारणी होते ती म्हणूनच. वाढतं पर्यटन हेही एक कारण धरून युनेस्कोने २००७ मध्ये ही बेटं धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकली होती, ती २०१० मध्ये बाहेर निघाली. प्रत्येक रिक्वेस्ट नियमात बसणारी असते आणि तरी सर्व्हर झोपतो, हे मी दर सेलच्या दिवशी बघते. चूक कुठल्याच एका रिक्वेस्टची नसते. म्हणून 'मी एकटी गेल्याने काय होतंय' हे वाक्य खरं असूनही कामाचं नाही.

मग जाऊच नये का? मला तेही एवढं सरळ वाटत नाही. इथल्या कितीतरी घरांची चूल पर्यटनावर पेटते. परदेशी पाहुण्यांची प्रवेश फी २०२४ मध्ये १०० डॉलरवरून २०० झाली आणि त्यातला मोठा वाटा संवर्धन आणि स्थानिक कामांसाठी जातो. शिवाय माणूस निघून गेला की सगळं आपोआप ठीक होईल, ही वेळही टळली. माणसानेच सोडलेल्या बकऱ्यांनी कासवांचा चारा फस्त केला, तेव्हा हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून लाखाच्या वर बकऱ्या मारल्या गेल्या. त्या बकऱ्यांनी बेटावर यायला कुणी विचारलं नव्हतं. आजची निरागस बेटं अशा हिशोबांवर उभी आहेत.

मी पैसे भरले, तरी मी संवर्धनासाठी गेले होते असं म्हणणार नाही. मी पाहायला गेले होते आणि मला अतोनात आनंद झाला. फक्त तो आनंद माझा होता, त्यांनी मला दिलेला नव्हता. दिला नाही म्हटल्यावर परतफेडीचा प्रश्न आभारांवर सुटत नाही. तो मर्यादेवरच सुटतो: एकदाच जाणं, जास्त दिवस राहून कमी बेटं बघणं, परमिट मिळालं नाही तर रडारड न करणं.

मैत्रिणी आता प्लॅन मागतात. कुठे राहिलीस, किती खर्च आला, एकटीला सेफ आहे का? सगळं सांगते. हो, एकटीला बऱ्यापैकी सेफ आहे. आणि मग त्यांना एक उलटा प्रश्न विचारते, जो प्रवासाला निघताना आपल्याला कुणी विचारत नाही: तू तिथे गेल्यावर ते सेफ आहेत का?