पोचा, पूर्वस्थिती आणि प्रायश्चित्त

मोटारीच्या दारावरचा लहान पोचा बहुतेक वेळा शेजारच्या गाडीचे दार उघडताना लागून पडतो. दाराचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यावरचे रंगाचे सगळे थर मिळून जेमतेम ०.१ मिलिमीटर भरतात. धक्का बसला की हा पत्रा दोन तऱ्हांनी वाकतो. काही भाग नुसता ताणला जातो आणि अडथळा दूर झाला की परत यायला तयार असतो. काही भाग, विशेषतः पोच्याच्या कडेची वळ, धातूच्या सोसण्यापलीकडे वाकतो आणि तसाच राहतो. उथळ, पसरट पोच्यात पहिल्या तऱ्हेचा भाग मोठा असतो आणि कडेची वळ त्याला आत धरून ठेवते. असा पोचा घरी काढता येतो तो यामुळेच. बिघडलेली वस्तू पूर्ववत होते म्हणजे काय होते, हा जुना तात्त्विक प्रश्नही इथेच उभा राहतो.

वैशेषिक दर्शनाने या प्रश्नाला स्वतंत्र जागा दिली. प्रशस्तपादांच्या ‘पदार्थधर्मसंग्रहा’त संस्कार या गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. सुटलेल्या बाणाला पुढे नेतो तो वेग. अनुभवाचा ठसा आत्म्यात टिकवून नंतर स्मरण घडवते ती भावना. वाकवलेल्या वस्तूला पुन्हा आधीच्या स्थितीत आणतो तो स्थितिस्थापक. धनुष्य, फांदी, शिंग, हाड, दोरा, कापड ही त्याची उदाहरणे. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रहा’त चटईचे उदाहरण घेऊन हा गुण फक्त पृथ्वीद्रव्यात मानला. माणसाची आठवण आणि फांदीचे सरळ होणे एकाच गुणाखाली आणणे ही या वर्गीकरणातली मोठी झेप आहे. दोन्हींत आधीची स्थिती नजरेआड गेलेली असते, तरी वस्तूत शिल्लक असते आणि वाट मोकळी होताच काम करू लागते.

घरगुती उपायांची पारख याच कसोटीवर करता येते. ओला रबरी सक्शन कप पोच्यावर दाबून ओढला की उथळ पोचा एकदम बाहेर येतो, कारण पत्र्याची स्वतःची ओढ त्याच दिशेची असते. योगसूत्रांच्या चौथ्या पादात आणि त्यावरील व्यासभाष्यात शेतकऱ्याचा दाखला आहे. तो पाणी ढकलत नाही, फक्त बांध फोडतो. वाफ्यात पाणी आपले आपण जाते. पोचा काढणाऱ्याचे कामही असेच कडेच्या वळीपाशी असते. दाराचे आतले पॅनल काढून, काच आणि वायरिंग सांभाळून मागून रेटायचे असेल तर कडेपासून सुरुवात करून थोडेथोडे आत सरकावे. नुसता मध्यावर जोर दिला तर कड तशीच राहते आणि मधोमध टेंगूळ येते. कडेचा उंचवटा नायलॉनच्या बोथट खुंटीने हलके ठोकून बसवावा. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पत्र्यावर पाडून पाहिले की उरलेली वळणे लगेच दिसतात. हेअर ड्रायरची ऊब रंगाला तडे जाऊ नयेत एवढ्यापुरती उपयोगी आहे, तिने पोलाद मऊ होत नाही. उकळत्या पाण्याचा उपाय प्लॅस्टिकच्या बंपरचा आहे, पोलादी दाराचा नव्हे.

मात्र पत्रा ज्या स्थितीकडे परततो ती मूळ स्थिती कोणती? पोलादाचा पत्रा कारखान्यात गुंडाळीतून सपाट येतो. प्रचंड दाबाच्या प्रेसमध्ये साच्यावर दाबून त्याला दाराची गोलाई दिली जाते. धातूच्या दृष्टीने तेही कायमचे वाकणेच. तरीही पोचा सुटल्यावर पत्रा गुंडाळीतल्या सपाटपणाकडे जात नाही, साच्याने दिलेल्या गोलाईकडे जातो. त्याची पूर्वस्थिती म्हणजे त्याच्यावर आधी झालेला खोल संस्कार. स्वभाव म्हणून जे ओळखले जाते ते जुन्या संस्काराचेच स्थिरावलेले रूप असते, या मताला इथे भक्कम आधार मिळतो. जन्मजात निर्मळ स्वरूपाकडे परतण्याची कल्पना निदान पत्र्याला तरी लागू पडत नाही. फार ताणलेला पत्रा तर कधी दोन स्थितींत टिकतो, बोटाने दाबला की आत आणि मागून दाबला की बाहेर. पूर्वस्थिती एकच असते हे गृहीत तिथे अपुरे पडते.

गुळगुळीत झालेल्या दारातही कडेच्या वळीचा इतिहास उरतो. तिथल्या स्फटिकांची रचना विस्कटून तो भाग आधीपेक्षा कडक झालेला असतो. ती रचना सुधारायची तर पोलाद ५०० अंश सेल्सिअसच्या बरेच वर तापवावे लागेल आणि त्यात रंग जळून जाईल.

धर्मशास्त्रात हाच पेच प्रायश्चित्ताच्या चर्चेत येतो. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून पाप करणारा मात्र प्रायश्चित्तानंतर केवळ व्यवहार्य, म्हणजे समाजाने संबंध ठेवण्याजोगा ठरतो. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या कारकिर्दीत (१०७६ ते ११२६) ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरांनी पापाच्या दोन शक्ती मानून याचा उलगडा केला. एक नरकाकडे नेते, दुसरी लोकव्यवहार रोखते, आणि पहिली शिल्लक असतानाही दुसरी नाहीशी होऊ शकते. ही विभागणी फार मोलाची आहे. आतला ठसा उरला म्हणून दाराची दुरुस्ती खोटी ठरत नाही. ठसा पडलाच नव्हता, असा दावा मात्र ती करू देत नाही. पुट्टी भरून रंगवलेल्या दाराची गोष्ट वेगळी. तिथे पत्रा खोलगटच राहतो आणि जाड थरामुळे लोहचुंबक त्या जागी नीट धरत नाही. गाडी विकताना हे लपवले तर व्यवहार्यतेचा पायाच जातो.

रंग तडकला असेल, किंवा पोचा दाराच्या कडेवर अथवा पत्र्याच्या उठावदार रेषेवर पडला असेल, तर घरचे उपाय थांबवावेत. अशा वेळी आधीच्या आकारापेक्षा गंजाची काळजी तातडीची असते, आणि गॅरेजमध्ये पत्रा घासून, प्रायमर देऊन नव्याने रंगवणेच योग्य.