चौदा वर्षांपर्यंत पाप नाही



आजच्या वाचनात महाभारताच्या आदिपर्वातली अणीमांडव्य ऋषींची कथा आली. वाचता वाचता परवाचा औशाचा बाजार डोळ्यांपुढं आला अन् पोथी मिटून बसलो.

आधी कथा. मांडव्य ऋषी आश्रमाच्या दाराशी झाडाखाली हात वर करून, मौन धरून उभे. चोर आले, चोरीचा माल आश्रमात ठेवून तिथंच दडले. मागून राजाचे शिपाई. ऋषी काही बोलेनात, माल तर आश्रमात सापडला. झालं! चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवलं. प्राण काही गेला नाही. राजाला चूक कळली, पाया पडला, पण सूळ निघेना म्हणून कापावा लागला. टोक, म्हणजे अणी, अंगात राहिली.

ऋषी थेट यमधर्माकडं गेले. माझं पाप कोणतं ते सांग म्हणाले. धर्मानं सांगितलं, लहानपणी तुम्ही किड्या-पतंगांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती. एवढ्याशा अपराधाला एवढा सूळ? तोही अजाण वयातल्या? ऋषींनी न्याय करणाऱ्यालाच शाप दिला, दासीच्या पोटी माणूस म्हणून जन्म घे. तोच आपला विदुर. आणि मर्यादा घालून दिली, चौदाव्या वर्षापर्यंत केलेलं पाप म्हणून धरायचं नाही.

आपण कीर्तनात इथून लगेच विदुराघरच्या कण्यांकडं वळतो. मीही वळायचो. ह्या वेळी त्या मर्यादेपाशीच अडलो.

कारण जगानं ती पाळली नाही. १७८३ साली लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात जॉन हडसन नावाचं नऊ वर्षांचं पोर उभं केलं होतं. मायबाप वारलेले, धुराडी साफ करून पोट भरायचं. काही कपडे अन् एक पिस्तूल चोरल्याचा गुन्हा. शिक्षा, सात वर्षं समुद्रापार. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागला तो १७८८ मध्ये, तेराव्या वर्षी. मांडव्यांच्या हिशोबानं त्याचं पापाचं खातं अजून उघडलंच नव्हतं!

तेच राज्य इकडं आलं. मुंबई बंदरातूनही कैदी मॉरिशसला, सिंगापूरकडं जहाजानं गेले. पुढं १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, तिथं तर चोरी करायचीही गरज राहिली नाही, जन्म पुरे. १८९७ च्या दुरुस्तीनं चार वर्षांच्या लेकरालासुद्धा मायबापापासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवायची सोय केली. चार वर्षं! औसा तेव्हा निजामाच्या राज्यात, पण सोलापूर आपल्याला काही लांब नाही. तिथल्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं, हजेरी होती. कायदा गेला १९५२ साली. माणसाच्या मनातून गेला का, ते लातूर जिल्ह्यातल्याच धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचलं की कळतं.

आता परवाचं. बाजारात एका दुकानापुढं गर्दी. आठ-नऊ वर्षांचं पोरगं, गावाबाहेरच्या पालांवरचं, बिस्किटाचा पुडा उचलताना सापडलेलं. एकानं दंड धरलेला, दुसऱ्यानं कानफटात दिली. कुणीतरी म्हणालं, “ह्यांची जातच तसली.” पोरगं रडत नव्हतं. पुडा घट्ट धरून माणसांच्या तोंडाकडं पाहत होतं. एकदा माझ्याकडंही पाहिलं.

माझ्या खिशात पैसे होते, गळ्यात माळ होती. मी “जाऊ द्या हो” एवढंही म्हणालो नाही. मांडव्य मौनात होते, त्यांचं व्रत होतं. माझं कसलं व्रत? चार ओळखीची माणसं उभी होती, एवढंच.

घरी येऊन हरिपाठाला बसलो, तर टाळाचा ठोका जागेवर पडेना. घरच्यांनी विचारलं, काय झालं म्हणून. सांगितलं. तिनं ताटात भाकरी वाढता वाढता एवढंच विचारलं, “पुडा मिळाला का त्याला?”

मला माहीत नव्हतं.

काल त्या दुकानदाराकडं जाऊन पुड्याचे पैसे दिले. तो हसला, “तुम्ही कशाला देताय महाराज?” आज संध्याकाळी पालांकडं जायचंय. तिथं जाऊन काय बोलायचं, अजून सुचलेलं नाही.

राम कृष्ण हरी.