यशाचा धनी आणि पैलवानाचा नंबर

पलूस तालुक्यातील कुंडल हे गाव प्रतिसरकारच्या चळवळीसाठी जितके ओळखले जाते तितकेच कुस्तीच्या मैदानासाठीही ओळखले जाते, आणि अशा मैदानाच्या पत्रकावर पैलवानांच्या जोडी ज्या क्रमाने छापल्या जातात त्या क्रमामागे कर्तृत्वाविषयीचा एक जुना प्रश्न उभा असतो. जोड म्हणजे एकमेकांना तोलामोलाचे ठरतील असे दोन पैलवान. त्यांतील सर्वांत मोठ्या इनामाची लढत ती पहिल्या नंबरची कुस्ती, आणि तिच्याखाली इनाम उतरत उतरत लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपर्यंत जाते. मैदान कमिटी हा नंबर ठरवते तेव्हा मागील निकाली कुस्त्या, म्हणजे चितपट होऊन जय-पराजय स्पष्ट झालेल्या लढती, साहजिकच तिच्या डोळ्यांपुढे असतात. परंतु ज्या यशावरून पैलवानाची किंमत केली जाते त्या यशातील त्याचे स्वतःचे किती, हे पाहिल्याशिवाय ती किंमत न्याय्य ठरत नाही.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. शांकरभाष्यानुसार अधिष्ठान म्हणजे शरीर, करणे म्हणजे इंद्रिये आणि चेष्टा म्हणजे प्राणांचे व्यापार; दैव या शब्दाचा अर्थ मात्र तेथे नशीब असा नसून डोळ्यांना सूर्य याप्रमाणे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या देवता असा आहे, तर रामानुजाचार्यांनी त्याच शब्दात अंतर्यामी परमात्मा पाहिला आहे. भाष्यकारांत एवढा मतभेद असला तरी पुढील निष्कर्ष दोघांनाही मान्य आहे, तो असा की या पाचांतील केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी सदोष असते. हा विचार सहसा अहंकार उतरवण्यासाठी सांगितला जातो. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, कारण विजय जर एकट्या कर्त्याचा नसेल तर पराभवही एकट्याच्या माथी मारता येत नाही.

याच प्रश्नाशी अमेरिकेतील बेसबॉलचे अभ्यासक वेगळ्या वाटेने येऊन पोहोचले. त्या खेळात सामन्याच्या आरंभापासून चेंडू टाकणारा जो गोलंदाज असतो त्याच्या नावावर बहुधा जय आणि पराजय मांडण्याची जुनी रीत आहे, आणि चाहते जेव्हा खऱ्या खेळाडूंची आळीपाळीने निवड करून कागदी संघ बांधतात तेव्हा अशा गोलंदाजांची आगाऊ प्रतवारी लावणे हा त्या निवडीतील एक अवघड भाग ठरतो. 2001 साली व्होरोस मॅक्रॅकेन या अभ्यासकाने असे दाखवले की फलंदाजाने मैदानात टोलवलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हाती जाईल की मोकळ्या जागी पडेल, यावर गोलंदाजाचा ताबा समजला जातो त्यापेक्षा फारच थोडा असतो. फलंदाजाला चकवून बाद करणे, त्याला फुकटात पहिल्या तळावर जाऊ न देणे आणि चेंडू सीमेपार जाऊ न देणे या गोष्टी मात्र पुष्कळशा त्याच्या हातच्या असतात. 2018 च्या हंगामात न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रोमने क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळता दर नऊ डावांमागे सरासरी 1.70 धावाच दिल्या, तरी स्वतःच्या संघाच्या फलंदाजीने साथ न दिल्यामुळे त्याच्या नावावर केवळ 10 विजय आणि 9 पराभव लागले. परीक्षकांनी मात्र सर्वोत्तम गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार त्यालाच दिला, आणि तो निर्णय योग्यच होता.

पैलवान आखाड्यात एकटा उतरतो, म्हणून त्याचे यश निखळ त्याचेच, असा आक्षेप येथे घेता येईल. पण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे उदाहरण तो आक्षेप टिकू देत नाही. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आलेल्या खाशाबांना 1952 साली हेलसिंकीला जाण्यासाठी लोकवर्गणी जमवावी लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी त्यांच्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले. तेथे जपानच्या इशी या मल्लाशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी भिडावे लागले, आणि त्यांच्या बाजूने नियम दाखवून विश्रांती मागणारा भारतीय अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. त्या कांस्यपदकात, स्वतंत्र भारताच्या त्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकात, गहाण पडलेल्या घराचा वाटा आहे, आणि हुकलेल्या वरच्या पदकात न मिळालेल्या विश्रांतीचा.

तालमीतील वस्ताद, म्हणजे कुस्तीचा गुरू, स्वतःचे कर्तृत्व आणि परिस्थितीचा वाटा यांतील हा भेद पूर्वीपासून जाणतो: कोण जिंकला यापेक्षा दम किती टिकला, पकड सुटली तेव्हा पाय कोठे होता, घिस्सा हा डाव टाकताना खांदा पडला का, हे तो पाहतो, म्हणजे पाच कारणांतील चेष्टा, येथे हालचाली या व्यापक अर्थाने, तेवढी बाजूला काढून तोलतो. मात्र अशी पारख कौशल्याची असते, माणसाची नव्हे. तिलाच माणसाची किंमत समजले की क्रमवारीचा अन्याय सुरू होतो. म्हणून मैदान भरवणाऱ्या कमिट्यांनी पुढील पत्रक छापण्यापूर्वी गतवर्षीच्या निकालाबरोबर त्या त्या पैलवानाच्या वस्तादालाही विचारावे, आणि दुखापतीमुळे किंवा घरच्या अडचणीमुळे हरलेल्या मल्लाचा नंबर केवळ त्या एका पराभवावरून खाली आणू नये.