स्वखर्चाचे पुस्तक आणि विकतची मान्यता

पदरचे द्रव्य खर्चून स्वतःचे पुस्तक छापणे यात काही गैर आहे काय, हा प्रश्न नवोदित लेखकास वारंवार पडतो. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली स्वतःच प्रसिद्ध केली. पुढल्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ स्वतःच्या हिमतीवर काढिली. उभयतांची मते परस्परविरोधी; मार्ग मात्र एकच. तेव्हा खर्च कोणी केला यावरून ग्रंथाची योग्यता ठरत नाही, हे उघड आहे.

मग दोष कोठे? कोल्हापुरातील शिवाजी पेठेच्या वाचकास तो तालमीच्या दृष्टांताने सांगता येईल. पोर घरच्या पैशाने दूध-बदाम खातो, त्यात लाज कसली? परंतु आधी ठरवून खेळलेल्या झुंजीस हेच शहर ‘नुरा कुस्ती’ म्हणून हिणविते. कारण तेथे खुराक नव्हे, निकाल विकत घेतलेला असतो. काही प्रकाशनसंस्था हाच व्यवहार करितात. हस्तलिखित पोहोचताच ‘आपली निवड झाली’ असे कळवितात आणि मागाहून हजारो रुपयांची मागणी करितात. मुद्रक छपाईचे दाम मागतो, तो प्रामाणिक. हे मात्र छपाई विकून परीक्षकाचा आव आणितात. सारा नफा लेखकाकडूनच मिळाल्यावर वाचक शोधण्याची त्यांस गरज ती काय?

कोणी म्हणेल, आयुष्यभर वहीत जपलेल्या कविता उतारवयात छापून पाहाव्या, या इच्छेस दूषण का द्यावे? दूषण इच्छेस नाहीच. ती निर्मळ असते, म्हणूनच तिच्या आडून निवृत्तिवेतनाच्या पुंजीस हात घालणे अधिक निंद्य होय.

सही करण्यापूर्वी काही गोष्टी जाणून घ्याव्या. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक भारतात सरकारकडून विनामूल्य मिळतो. १९५७ च्या कायद्यान्वये लेखन होताच स्वामित्वहक्क लेखकाचा होतो, त्यास नोंदणीची अट नाही. तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी द्यावा लागतो, आणि मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षांची धरली जाते. प्रती किती, त्या कोणाच्या मालकीच्या, विक्रीचा हिशेब केव्हा, हे करारात स्पष्ट असावे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजनाही आहे; तेथे हस्तलिखित पारखले जाते, आणि पारखीसाठी लेखकास आपली संमती विकत घ्यावी लागत नाही.

तथापि केवळ कायद्याने हे निभणार नाही. खोट्या निकालास गिऱ्हाईक मिळते, कारण खरा निकाल सांगण्यास आप्तेष्ट कचरतात. प्रकाशनसमारंभात हार घालणारे पुष्कळ. चार पाने लक्षपूर्वक वाचून ‘हे अजून कच्चे आहे’ असे म्हणणारा विरळा. तसे बोलण्यास धैर्य लागते, आणि ऐकण्यास त्याहून अधिक. करवीर नगर वाचन मंदिरासारखे ग्रंथालय १८५० पासून चालविणाऱ्या नगरीत असा एखादा वाचक शोधू जाता खास सापडेल. नव्या लेखकाने प्रकाशकाआधी त्याचे दार ठोठवावे.