खिडकीतली मीखल



कराराचा कोश यरुशलेममध्ये आणला जात होता. त्या कोशापुढे दावीद राजा देहभान विसरून नाचत होता. त्याची पत्नी मीखल खिडकीतून हे पाहत होती. राजाने चारचौघांत असे नाचावे हे तिला रुचले नाही आणि तिने मनातल्या मनात त्याला तुच्छ लेखले. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ही हकीकत आहे. दावीदाचे उत्तर साधे होते: मी नाचलो तो परमेश्वरासमोर.

प्रभू येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही नाच आहे. धाकटा मुलगा परतला म्हणून घरात मेजवानी सुरू झाली. शेतावरून आलेल्या थोरल्या भावाच्या कानी वाद्यांचा व नाचाचा आवाज पडला आणि तो रुसून बाहेरच थांबला. एक खिडकीत, दुसरा दाराबाहेर. दोघेही आनंदापासून दूर राहिले.

ही मीखल आपल्याही घरात आहे का, हे आज तपासून पाहू या. घरात सत्तरी ओलांडलेली आई असते. ती पडेल या धास्तीने आपण म्हणतो, “तू बस, आम्ही करतो.” हे आपण प्रेमानेच म्हणतो. पण बसून बसून पायांतले बळ जाते, बळ गेले की तोल जातो, तोल गेला की भीती वाढते आणि भीतीपोटी माणूस आणखी बसून राहतो. तीच आई एखाद्या सकाळी अंगणात हातपाय हलवू लागली, तर नातवंडे हसतात आणि शेजारीण म्हणते, “या वयात काय हे!” त्या हसण्याने ती पुन्हा खुर्चीत बसते. कधी कधी कायमची.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. पासष्टीपुढील माणसांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायामही करावेत. यासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. चीनमध्ये ताई ची नावाचा संथ व्यायामप्रकार आहे. त्यात शरीराचा भार सावकाश एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचा असतो. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात कंपवाताच्या १९५ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणाऱ्यांचा तोल अधिक सुधारला आणि ते कमी वेळा पडले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००१ पासून कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग भरू लागले. आपल्या पुण्यातही नृत्यगुरू हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांना नृत्य शिकवले आहे. नाचाने हा आजार बरा होत नाही. पण चार माणसांत, संगीताच्या तालावर पाऊल उचलताना रुग्ण आपण रुग्ण आहोत हे घटकाभर विसरतो.

काही भाविक विचारतात, “फादर, ताई ची केलेले आपल्या श्रद्धेत चालेल का?” व्यायाम हा व्यायाम म्हणून करावा. त्याच्या मागे असलेले तत्त्वज्ञान स्वीकारण्याची आपल्याला गरज नाही. आपला विश्वास ख्रिस्तावर आणि आपली प्रार्थना पित्याकडे, हे मनात स्पष्ट असले की पुरे.

आपली श्रद्धा शरीराला परकी मानत नाही. शब्द देह झाला, हा तर आपल्या विश्वासाचा पाया आहे. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल करिंथकरांना लिहितो. मिस्सेत आपण उभे राहतो, गुडघे टेकतो, क्रुसाची खूण करतो, ओळीने ख्रिस्तशरीर स्वीकारायला जातो. ही सारी शरीराने केलेली प्रार्थनाच आहे. लक्झेंबर्ग देशातील एख्टरनाख गावी दरवर्षी पेंटेकॉस्टनंतरच्या मंगळवारी संत विलिब्रॉर्ड यांच्या सन्मानार्थ मिरवणूक निघते. भाविक रुमालांची टोके धरून, एकमेकांना जोडून, तालावर उड्या घेत चर्चकडे जातात. युनेस्कोने २०१० साली तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथे कोणी खिडकीतून हसत नाही.

मात्र आरोग्याचीच मूर्ती करून तिची पूजा नको. आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेले बंधुभगिनी आहेत. क्रुसावर प्रभूचे हातपाय खिळलेले होते, एक पाऊल टाकणेही त्याला शक्य नव्हते. आणि त्याच घडीला त्याने जगाचे तारण साधले. माणसाचे मोल त्याच्या हालचालीवर ठरत नाही. ज्याला हलता येते त्याने उपकारस्तुती म्हणून हलावे आणि ज्याला येत नाही त्याचा हात धरावा, एवढेच.

म्हणून या आठवड्यात एक गोष्ट करू या. रात्रीच्या जपमाळेनंतर घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, “चला, अंगणात दोन फेऱ्या मारू या का?” डॉक्टरांचा सल्ला घेऊन, खुर्चीची पाठ धरून, त्यांना रोज थोडे उभे राहू द्या. लग्नघरी बँड वाजू लागला आणि आजीचे पाय थिरकले, तर तिला थांबवू नका; तिचा हात धरा आणि तिच्याबरोबर चार पावले टाका.

हे प्रभो, सुंदर नावाच्या दरवाजापाशी बसलेला पांगळा तुझ्या नावाने उठला आणि उड्या मारीत मंदिरात गेला. आमच्या घरातील थकलेल्या पायांना बळ दे आणि आम्हांला खिडकीतून खाली, अंगणात आण. आमेन.