सुया कधी खाली ठेवायच्या

डिसेंबर लागला की नगरच्या आमच्या मंडळीत बायकांच्या पिशव्यांतून सुयांची टोकं बाहेर दिसायला लागतात. आत बायबल, गीतांचं पुस्तक, चष्मा आणि लोकरीचा गुंडा. महिलांच्या सभेत एकीकडे प्रार्थना चालू असते, दुसरीकडे एखादी बाही वाढत असते. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, मलाही नाही. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. 25 तारखेच्या आत पुरं व्हायलाच हवं म्हणून रात्री जागून जे विणलं, ते देताना आपल्या हातून खरोखर सुटतं का? की त्या जागरणांची वसुली मनात शिल्लक राहते? आणि राहत असेल, तर त्या वस्तूला नाताळची भेट म्हणावं का?

न विणणाऱ्यांना कामाचा अंदाज नसतो, म्हणून आधी तो सांगते. चाळीस छातीच्या पुरुषाचा स्वेटर घ्या. चार पदरी लोकर, दहा नंबरच्या सुया. इंचाला साधारण सात टाके आणि नऊ ओळी बसतात. नुसती पाठ धरली तरी रुंदीला 140 टाके आणि उंचीला 216 ओळी, म्हणजे तीस हजारांच्या वर टाके झाले. हात बसलेली बाई मिनिटाला तीस टाके घेते असं धरलं, तर एका पाठीला सतरा तास जातात. पुढचा भाग, दोन बाह्या, गळा हे सगळं त्यानंतर. मध्येच बाहीचा घट चुकला किंवा एखादा टाका सुटून चार ओळी खाली गेला, की उसवणं आलं. आणि हे सारं सणाच्या धांदलीत. आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे असा सगळा फराळ होतो. दारात चांदणी लावायची असते, रात्री कॅरोल म्हणत मुलं येतात त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवायचं असतं. विणायला वेळ उरतो तो झोपेतलाच.

झोपेतून काढून दिलेल्या तासांची नोंद मन आपोआप ठेवतं. पुढच्या वर्षी त्या माणसाच्या अंगावर तो स्वेटर दिसला नाही, की ती नोंद उघडते. ‘रात्र रात्र बसून केला होता, एकदा तरी घालायचा,’ हे मी किती तरी घरांत ऐकलं आहे. बोलणारी बाई मनानं वाईट नसते. तिच्या हिशेबी तिचं येणं बाकी असतं.

आम्हा प्रोटेस्टंट घरांत एक गोष्ट लहानपणापासून कानावर पडते. तारण होतं ते कृपेनं, कर्मांनी नाही. पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात ते स्वच्छ सांगितलं आहे, आणि सोळाव्या शतकात ल्यूथरनं हाच मुद्दा धरून सगळ्या युरोपशी वाद मांडला. देवाकडून मिळतं ते न कमावता मिळतं, म्हणून कुणाला त्याची फुशारकी मारता येत नाही. रविवारी हे ऐकायचं आणि सोमवारी आपण मात्र माणसांना कष्टाच्या मापानं द्यायचं, याचा मेळ मला बसत नाही. हातानं केलेल्या वस्तूत ही अडचण अधिकच आहे. दुकानातली शाल आवडली नाही तर बदलून आणता येते. तीस हजार टाके कोण बदलून आणणार? घेणाऱ्याला नको म्हणायची सोयच आपण ठेवत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी 1925 साली भेटीवर एक मोठा निबंध लिहिला. निरनिराळ्या समाजांची माहिती ताडून पाहून त्यांनी दाखवलं, की देणं, घेणं आणि परत देणं ही तिन्ही बंधनंच असतात, दिसायला तेवढी ऐच्छिक. लग्नातला आहेर वहीत उतरवून घेणाऱ्या आपल्या लोकांना हे कुणी पटवून द्यायला नको. पण मोस यांनी वर्णन केलेली देवघेव म्हणजे कृपा नव्हे. नाताळ हा सण तर कृपेचाच आहे. असं देणं माणसाला जमतं का, हे मी शोधत राहिले.

बायबलमध्ये आमच्यासारख्या हातकाम करणाऱ्या बाईची एक गोष्ट आहे. प्रेषितांच्या कृत्यांत, नवव्या अध्यायात. यापो गावची टबीथा, तिलाच दुर्कस म्हणत. ती आजारी पडून वारते. जवळच्या लोद गावाहून पेत्राला बोलावून आणतात. माडीवर त्याच्याभोवती गावातल्या विधवा रडत उभ्या राहतात आणि तिनं त्यांच्यासाठी केलेले अंगरखे, कपडे त्याला दाखवतात. मग पेत्र प्रार्थना करतो आणि ती उठते. पुनरुत्थानाची म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, पण माझं लक्ष त्या कपड्यांकडे जातं. ते किती होते, किती दिवसांत झाले, याबद्दल एक अक्षर नाही. त्यांची आठवण काढतात त्या घेणाऱ्या बायका. देणारी तेव्हा गप्प आहे. आणि त्या विधवांकडे परत देण्यासारखं काही असण्याची शक्यता फार थोडी. एकोणिसाव्या शतकात गरिबांसाठी कपडे शिवणाऱ्या बायकांच्या कितीतरी मंडळांना इंग्लंड-अमेरिकेत याच दुर्कसचं नाव दिलं गेलं.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूनं सांगितलं, की दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. विणताना दोन्ही हातांना सगळंच ठाऊक असतं. तेव्हा विणणारीनं झाकून ठेवायचे ते तास, असा मी त्याचा अर्थ लावते. कुणी विचारलं, ‘किती दिवस लागले हो?’ तर ‘झाला बाई’ एवढंच उत्तर पुरे.

आमच्या शेजारच्या काकूही विणतात. त्यांची मुदत आमच्याहून तीन आठवड्यांनी पुढे, कारण नातवंडांचे स्वेटर संक्रांतीला द्यायचे असतात. हा विषय मी त्यांच्यापाशी काढला तेव्हा सुया न थांबवता त्या म्हणाल्या, “अगं, गीतेत सतराव्या अध्यायात आहे ना ते. परत मिळेल म्हणून दिलेलं, फळावर डोळा ठेवून दिलेलं आणि कुढत दिलेलं, तिन्ही एकाच रांगेत, राजस. द्यायला हवं म्हणून दिलं, आणि ज्याच्याकडून काही परत यायचं नाही त्याला दिलं, तर ते सात्त्विक. पण तेही योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला.” मी म्हटलं, “म्हणजे वेळ पाळायलाच हवी की.” त्या म्हणाल्या, “वेळ कुणाची पण? थंडी गेल्यावर स्वेटर काय कामाचा? घेणाऱ्याला गार वाजतंय तोवर दिला की वेळेवर दिला.”

हे मला फार मोलाचं वाटलं. ज्या ज्ञानेश्वरीच्या आधारानं काकू गीता वाचतात ती 1290 साली नेवाशाला, आमच्याच जिल्ह्यात सांगितली गेली. तारीख देणाऱ्याच्या सोयीची किंवा अब्रूची नसते, घेणाऱ्याच्या गरजेची असते, हे मी काकूंच्या तोंडून ऐकलं आणि मग आमच्या नाताळच्या गोष्टी पुन्हा काढून वाचल्या.

लूकच्या शुभवर्तमानात रानात कळप राखत असलेले मेंढपाळ त्याच रात्री बेथलेहेमला जातात. नगरच्या माणसाला हे दृश्य परकं नाही. आमच्याकडेही धनगर मेंढरं घेऊन रात्री उघड्या शेतात मुक्कामाला असतात, खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. (दख्खनी मेंढीच्या त्या जाड्याभरड्या लोकरीचं घोंगडं होतं. आम्ही विणतो ती लोकर बहुतेक लुधियानाकडून आलेली, आणि बऱ्याचदा ॲक्रिलिकच.) तर हे मेंढपाळ बाळाकडे काय घेऊन गेले? नाताळच्या नाटकात आमची मुलं खांद्यावर कोकरू घेऊन येतात, पण लूकनं कसलीच भेट लिहिलेली नाही. ते आले, त्यांनी पाहिलं, ऐकलेलं सांगितलं आणि देवाची स्तुती करत परत गेले.

भेटी आणल्या त्या मागी लोकांनी. सोनं, ऊद आणि गंधरस. ही गोष्ट मत्तयनं सांगितली आहे. तो म्हणतो, की ते घरात गेले आणि त्यांनी बाळाला पाहिलं. गव्हाणीचा उल्लेख तिथे नाही. पुढे हेरोद राजा मागी लोकांकडून नीट विचारून घेतलेल्या काळावरून दोन वर्षांच्या आतली मुलं मारायला सांगतो. म्हणजे जन्माला बराच काळ लोटलेला असू शकतो. आपल्या देखाव्यांत मेंढपाळ आणि मागी एकाच रात्री शेजारी उभे केलेले असतात, त्यामुळे हे लक्षात येत नाही. वेळेवर पोहोचले ते रिकाम्या हातांनी आले होते, आणि भेटी घेऊन आले त्यांना उशीर झाला होता. परत कुणालाच पाठवलं नाही. पहिल्या नाताळची ही हकिगत असताना 24 तारखेच्या रात्री अर्ध्या बाहीसाठी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या बायका मी पाहते, तेव्हा मला वाईट वाटतं.

तारखेचंच म्हणाल तर शुभवर्तमानांत ती दिलेलीच नाही. 25 डिसेंबर हा दिवस रोममध्ये पाळला जात होता याचा सगळ्यांत जुना पुरावा चौथ्या शतकातला, 354 सालच्या एका पंचांगवजा नोंदवहीतला. आर्मेनियन मंडळी 6 जानेवारीला जन्मोत्सव करते, रशियन ऑर्थोडॉक्स 7 तारखेला. म्हणून तारखेला अर्थ नाही असं मात्र मी म्हणणार नाही. सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवला, की त्या दिवशी सगळ्यांनाच थांबता येतं, आणि थांबणं ही धर्मातली मोठी गोष्ट आहे. रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल लोकांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. यहुद्यांच्या मिश्नात, म्हणजे इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या ग्रंथात, शब्बाथाला वर्ज्य अशा 39 कामांची यादी आहे. तीत लोकर कातरणं, धुणं, पिंजणं, रंगवणं, कातणं, विणणं असा लोकरीचा सगळा प्रवासच आला आहे. रब्बी शिकवतात, की शब्बाथ लागला की काम अर्धं राहिलेलं असलं तरी सगळं पुरं झालं आहे असं समजून बसावं. मुदतीकडे असं पाहणारी दुसरी शिकवण मला ठाऊक नाही. मुदत आली की काम संपलेलं असो नसो, करणारीची सुटका झाली.

माझ्या आईनं यातलं काही वाचलेलं नव्हतं. पण 24 तारखेला दिवे लागले की ती सुया कपाटात ठेवी आणि आमच्या मावशीलाही ठेवायला लावी. “राहिलं ते राहिलं. तोंड धू, सकाळी उपासनेला जायचंय,” एवढंच तिचं बोलणं. एका वर्षी धाकट्या मामाचा स्वेटर सुईवरच होता. तिनं तो तसाच कागदात बांधून त्याला दिला, अंगाला लावून माप पाहिलं, परत घेतला आणि जानेवारीत पुरा करून पाठवला. मामा तो पुढे बरीच वर्षं वापरत होते. आईनं कधी त्यांना रात्रींचा आकडा सांगितला नाही.

मार्थेची गोष्ट सांगून विणणाऱ्या बायकांना गप्प करतात, ते मला आवडत नाही. लूकच्या दहाव्या अध्यायात पुष्कळ गोष्टींची काळजी करत दगदगलेल्या मार्थेला प्रभू समज देतो, हे खरं. पण योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीत पुन्हा पंगत बसते, तिथेही मार्था वाढतेच आहे आणि तिला कुणी काही बोलत नाही. पहिल्या वेळी बहीण मरियेनं मदत करावी म्हणून तिनं तक्रार केली होती. दुसऱ्या वेळी तक्रार नाही, काम तेच आहे. म्हणून कुणी मला विणकाम सोडू का विचारलं तर मी नाही म्हणेन. तक्रार सुटत नसेल तर यादीतली दोन नावं कमी करावीत, स्वेटरऐवजी कानटोपी करावी, किंवा त्या माणसाकडे नुसतं भेटायला जावं. कुढत विणलेल्या स्वेटरपेक्षा रिकाम्या हातांनी गेलेली पाहुणी मी चांगली समजते.

तेव्हा बायांनो, यंदा 24 ला दिवे लागले की सुया ठेवून द्या. ज्याचा स्वेटर राहिला असेल त्याला तसं सरळ सांगा आणि त्याच्या घरी फराळाचं ताट पाठवा. मागी आल्याचा दिवस पाश्चात्य मंडळ्या 6 जानेवारीला पाळतात, तोवर निवांत विणा. आणि नगरला थंडी जानेवारीअखेरपर्यंत असते.