थोडी माया ठेवा

माणसाला आपली योग्यता कळायला दोन सदरे पुरतात. एक पूर्वेकडून आलेला आणि एक पश्चिमेकडून.

गेल्या दिवाळीत माझ्याकडे असे दोन सदरे आले. पुतण्या धंद्याच्या निमित्तानं चीनला जाऊन आला, त्यानं एक आणला. लेक न्यू जर्सीला असते, तिनं दुसरा पाठवला. चिनी सदऱ्यावर ‘डबल एक्सेल’ असं लिहिलेलं, अमेरिकन सदऱ्यावर ‘मीडियम’. आधी चिनी चढवला. छातीपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं. पोटापाशी मात्र गुंडी आणि काज यांची नुसती दृष्टादृष्ट झाली, गाठ काही पडेना. मग अमेरिकन घातला. तो चांगला ऐसपैस. बाह्यांतून हात मात्र शोधून काढावे लागले.

“तरी मी म्हणतच होते, तुम्ही काही एवढे जाड नाही,” आमची ही म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो.

आता मला सांगा, सोलापुरात बेचाळीस नंबर घालणारा हा गृहस्थ एकाच सकाळी चीनमध्ये धिप्पाड आणि अमेरिकेत मध्यम कसा होतो? मग मी खरा केवढा? ‘मी कोण’ हा प्रश्न ऋषींना हिमालयात पडला. मला तो आरशासमोर, बनियनवर पडला.

पुतण्या म्हणाला, “काका, ते एक्सेल सोडा. खरं माप खाली बारीक अक्षरांत आहे.” पाहतो तो दोन आकडे आणि एक अक्षर. पहिला आकडा उंचीचा, दुसरा छातीचा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. अक्षर असतं ते छाती आणि कंबर यांतल्या फरकाचं. पुरुषांत सतरा ते बावीस सेंटिमीटर फरक असला तर वाय, बारा ते सोळा असला तर ए, सात ते अकरा असला तर बी आणि दोन ते सहा असला तर सी. मी लगेच टेप काढली. छाती शंभर, कंबर एकशे एक. म्हणजे फरक उणे एक! दीडशे कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या देशाच्या सरकारी मापात माझ्यासाठी अक्षरच नाही.

अमेरिकेची तऱ्हा वेगळी. तिथे १९३९-४० साली सुमारे पंधरा हजार बायकांची मापं घेतली गेली, आणि तीही शेतकी खात्यामार्फत! त्यावरून १९५८ साली प्रमाण मापं ठरली. पुढे देह वाढत गेले, आणि दुकानदारांनी ओळखलं, की लहान आकडा दिसला की गिऱ्हाईक खूश होतं. मग कापड वाढवलं आणि आकडा उतरवला. १९५८ साली बारा नंबर घालणाऱ्या बाईला आज सहाच्या आसपासचा नंबर बसतो. आकडे घसरत शून्यावर आले. ती प्रमाण मापं सरकारनं १९८३ साली मागेच घेतली. खोटं सर्वांनाच आवडल्यावर खऱ्याचं पुस्तक ठेवायचं कशाला?

आपल्याकडे २०१९ च्या सुमारास निफ्ट या संस्थेनं सहा शहरांतून पंचवीस हजार भारतीयांची मापं घ्यायचं मनावर घेतलं. त्या सहांत सोलापूर नाही. शाळेचे गणवेश शिवून देशभर पाठवणाऱ्या गावाला कुणी विचारलं नाही की बाबांनो, तुमच्या कमरेचं काय!

पण खरं बोलावं की गोड बोलावं, हा प्रश्न राहिलाच. चीन खरं बोलतो आणि पोटापाशी अडवतो. अमेरिका गोड बोलते आणि फसवते. अशा पेचात सापडलेल्या माणसानं काय करावं? मी शिंप्याकडे गेलो.

आमच्या गल्लीतल्या शिंपीमामांनी चिनी सदरा उलटा केला, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, “गुरुजी, यात मायाच नाही हो. कडेपर्यंत कापून ओव्हरलॉक मारलंय. उसवून सोडायचं काय?”

शिवणीच्या आत शिंपी जे जास्तीचं कापड दडवून ठेवतो, त्याला माया म्हणतात. हा शब्द मी जन्मभर ऐकत आलो होतो. त्या दिवशी तो अंगाला लागला.

मी शाळेत मास्तर होतो. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. गणवेशाचा सदरा गुडघ्याला टेकलेला, खांदे कोपराकडे निघालेले. मी त्याला वर्गापुढे उभं करून “हा तंबू कुठनं आणलास रे?” असं विचारलं. वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. विड्या वळणारी बाई, बोटांना तंबाखूचा वास. भांडली नाही. एवढंच म्हणाली, “वाढत्या अंगाचं घेतलंय, गुरुजी. दहावीपर्यंत पुरवायचंय.” नववीत तो सदरा त्याला अगदी बेतशीर बसू लागला, तेव्हा कोपरावर ठिगळ आलं होतं. मी रोज बघत होतो. ‘माझं चुकलं’ एवढं म्हणायला मला जमलं नाही.

आज वाटतं, त्या माउलीला माझ्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं. मुलगा आज केवढा आहे, हे ती लपवत नव्हती. तिनं उद्यासाठी जागा ठेवली होती. दुकानातला लहान आकडा आजच्या देहाविषयी खोटं बोलतो. माया आजचं माप बरोबर घेते आणि ‘इथेच संपलं’ एवढं मात्र म्हणत नाही. मी पस्तीस वर्षं मुलांना मार्क दिले, शेरे लिहिले. सगळी मापं बरोबर असतील. पण कडेपर्यंत कापून ओव्हरलॉक मारलेली.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, तेव्हा मानकऱ्यांच्या अंगात पांढरी बाराबंदी असते. तिला गुंड्या नाहीत, बंद आहेत. यंदा पोट सुटलं तर बंद सैल बांधायचा, उतरलं तर आवळायचा. कापड माणसाकडे बघून घेतं.

मी नवं कापड घेऊन मामांकडे गेलो. टेप गळ्यात, पेन्सिल कानावर. माप घेऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, “माया किती ठेवू? या वयात काय वाढणार आता?”

“ठेवा थोडी,” म्हटलं. “उशीर झालाय, पण ठेवा.”